बिनमोटारीचं पाणी

अक्काशी माझं शेवटचं बोलणं झालं ते लिंबांवरून. नांदेडच्या दवाखान्यात दुपारच्या भेटीच्या वेळी मी तिच्या खाटेशी बसले होते. नाकाला नळी लावलेली, दोन शब्द बोलले तरी तिला धाप लागायची. मी आपली मनाची तयारी करून गेलेली, की आता ही काहीतरी शेवटचं सांगेल, लेकीबद्दल, अंगावरच्या डाग-दागिन्यांबद्दल, निदान देवाबद्दल तरी. तिनं खुणेनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "लिंबू टाकून मशीन धुतली का?" मला रागच आला. म्हटलं, अगं बाई, तुझं काय चाललंय आणि तुला मशीन कुठली सुचतेय... "न्हाई धुतलीस," ती म्हणाली. "खार धरला असंल नळीत. मग पाणी चढायचं न्हाई." मी धुते म्हणाले, तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या लेकीचा, मीनाचा फोन आला आणि उचलायच्या आधीच मला कळलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मीना तिची एकुलती एक लेक, बंगळूरला असते. वसमत तालुक्यात हट्टा गावाच्या अलीकडं, सडकेपासून थोडं आत आमचं गाव आहे. शेत तिथं, घर तिथं. मी शाळेत शिक्षिका होते म्हणून आम्ही नवरा-बायको वसमतला राहिलो, पण सुट्टी लागली की एसटी पकडून गावाकडं. पहिली काही वर्षं मी अक्काला रीतीप्रमाणं अहो-जाहो करत होते. मग एका उन्हाळ्यात हळद शिजवायला आम्ही दोघी दिवसभर धुरात उभ्या राहिलो, डोळ्यांतून पाणी, तोंडाला काजळी, आणि संध्याकाळी एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की त्यानंतर अहो म्हणणं दोघींनाही जमेना. ती मला मास्तरीण म्हणायची. तिचे मालक, म्हणजे माझे भासरे, त्यांना सगळं गाव दादा म्हणतं. दादा माझ्याशी थेट कधी बोलले नाहीत. आमच्याकडं भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची पद्धत नाही. मी चार हातांवर बसलेली असले तरी ते अक्काला सांगणार, "तिला म्हणावं शेवटची गाडी निघून जाईल." आणि मी अक्काला सांगणार, "म्हणावं, निघालेच." मधे अक्का बसून हसायची. तिला आमच्या दोघांचं पोस्टमन होण्यात मजा वाटायची.

तर मशीन. एका दिवाळीला मीना बंगळूरहून कॉफीचं यंत्र घेऊन आली. काळं, उभं, मागं पाण्याची टाकी, वर झाकणात चाळणीसारखी टोपली, खाली काचेचं भांडं आणि त्याच्या बुडाखाली तापणारी गोल प्लेट. बटण दाबलं की आपोआप थेंब थेंब कॉफी गळते, एवढं सांगून, दाखवून ती परत गेली. ती असेपर्यंत मशीन तिनंच चालवली. ती गेल्यावर त्याच आठवड्यात आमच्याकडं पाहुणे यायचे होते आणि अक्कानं ठरवलं, आज मशीनची कॉफी.

इथं मला आमची बाजू सांगू द्या, कारण पुढं जे झालं त्यावर मीना आजही हसते. आमच्या भागात कॉफी ही रोजची गोष्ट नाही. रोज चहा. कॉफी करायची ती जावयाला, सोयरीक बघायला आलेल्यांना किंवा ताप येऊन उठलेल्या माणसाला. आणि ती करायची निव्वळ दुधात. कॉफीत पाणी घालून पाहुण्यापुढं ठेवली तर चार गावांत नावं ठेवतात. मीनानं टाकीत पाणी घातलेलं आम्ही दोघींनी डोळ्यांनी बघितलं होतं. पण ते तिच्या बंगळूरच्या सवयीनं, असं आम्ही धरून चाललो. अक्कानं म्हशीचं तापवलेलं दूध, साय बाजूला काढून, साखर विरघळवून, वर वेलदोड्याची पूड टाकून त्या टाकीत ओतलं. मी मास्तरीण, मी शेजारी उभी राहून टाकीवरच्या रेघा वाचून सांगत होते, अजून थोडं, अजून थोडं... बटण दाबलं. आधी गुरगुर झाली. मग दोन-चार पिवळट गुळण्या वर येऊन टोपलीत पडल्या. मग करपल्याचा असा वास सुटला की ओसरीवरून दादांचा आवाज आला, "काय जाळून राहिले तिकडं?" आणि मशीन गप झाली. पाहुण्यांना अर्थात चहा दिला.

दुसरी कोणी असती तर मशीन माळ्यावर गेली असती. अक्कानं तिची पिन काढली, ती दिवसभर थंड होऊ दिली आणि दादांचा पेचकस घेऊन तिला ओट्यावर उलटी केली. अक्काला लहानपणापासूनच कशाच्या आत काय आहे हे बघायचा नाद होता, असं तिची आई सांगायची. माहेरचं घड्याळ तिनं उघडलं होतं, सासरी आल्यावर शिलाई मशीन, आमच्या लग्नात मिळालेला रेडिओ. सगळं तिला परत जोडता आलं असं नाही. रेडिओ तर गेलाच. पण त्याबद्दल तिला कधी फारसं वाईट वाटलेलं मी बघितलं नाही.

बूड उघडलं आणि आम्ही दोघी चकित झालो. आत काहीच नव्हतं. म्हणजे मोटार नव्हती. आम्ही धरूनच चाललो होतो की खालचं पाणी वर चढतं म्हणजे आत कुठंतरी बारकी मोटार असणार. आमची हयात विहिरीवरच्या मोटारीपुढं गेलेली, लाईट आली का, मोटार चालू केली का, पाणी चढलं का. इथं नुसती एक जाड नळी, घोड्याच्या नालासारखी वाकवलेली, बरोबर प्लेटच्या खाली चिकटवलेली. तिला दोन्ही टोकांना रबरी नळ्या, एक टाकीतून आलेली, एक वर टोपलीकडं गेलेली. आणि इस्त्रीत असतं तसलं एक बटणाएवढं, तापलं की टक्क करून तुटणारं. बस. अक्का कितीतरी वेळ बोट त्या नळीवर फिरवत होती. "मास्तरीण," ती म्हणाली, "मोटार न्हाई तर पाणी वर चढतं काहून?"

मी म्हटलं, वाफ होत असेल. पाण्याची वाफ वर जाते, झाकणाला लागून थंड होते, परत पाणी होऊन टपकते. पाचवीच्या पुस्तकात चित्रच होतं, समुद्र, ढग, बाण. मला माझं उत्तर फार आवडलं. अक्काला पटलं नाही. एवढ्या लवकर एवढं पाणी वाफेतून कसं होईल, तिचं म्हणणं. नळीत गरम पाणी आणि लिंबाचा रस पुनःपुन्हा खेळवून दुधाची जळकी खरपुडी निघायला बरेच दिवस गेले, आणि मशीन परत जोडून चालू झाल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली, तर टाकीत मूठभर मीठ टाकलं. पूड नाही, काही नाही, नुसतं मिठाचं पाणी. खाली काचेच्या भांड्यात जे पडलं ते तिनं बोटानं चाखलं आणि तेच बोट माझ्यापुढं केलं. खारट. खारट ढोण. वाफ असती तर मीठ खाली राहिलं असतं. म्हणजे पाणी आहे तसंच वर ढकललं जात होतं. माझे ढग आणि बाण तिथंच संपले, आणि खरं सांगते, मला हरल्याचं काही वाटलं नाही. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण मीठ टाकून बघू असं मला कधी सुचलं नाही आणि तिला सुचलं, याची गंमतच जास्त वाटली.

ढकलतं कोण, हे पुढं हळद शिजवताना उलगडलं. हळदीच्या कुकरमध्ये एका टाकीत पाणी उकळतं आणि त्याची वाफ पाइपातून हळदीच्या ड्रमात घुसते, इतक्या जोरानं की पाइप थरथरतो. अक्का त्या पाइपाकडं बघत उभी होती आणि एकदम म्हणाली, "अगं, हेच. तिथं बी हेच होऊन राहिलं." नळीतल्या थोड्याशा पाण्याला खालून आच लागते, बुडबुडे होतात, बुडबुड्यांना जागा पाहिजे, ते पुढच्या पाण्याला ढकलत वर नेतात. म्हणून ते सरळ धारेनं येत नाही, गुळण्या टाकत येतं. इथपर्यंत ठीक. मग माझा प्रश्न : बुडबुड्यांना दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, मग पाणी उलटं टाकीत का जात नाही? त्यावर तीही अडली. परत पेचकस, परत ओटा. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीच्या तोंडात एक इवलीशी गोळी सापडली, पाणी आत येताना सरकणारी आणि मागं फिरायला लागलं की भोक बुजवणारी. आम्ही दोघी एकाच वेळी बोललो, "फुटवॉल." विहिरीतल्या पाइपाच्या बुडाला असतो तोच, पाणी वर चढू देणारा पण उतरू न देणारा. तो खराब झाला की मोटार नुसती घुमत राहते आणि घरातला माणूस विहिरीत उतरतो, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत आहे. तोच फुटवॉल, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, बंगळूरच्या मशीनमध्ये बसलेला. त्या दिवशी आम्हाला इतका आनंद का झाला हे मला आजही नीट सांगता येत नाही. दादा ओसरीवर पेपर वाचत होते. अक्कानं त्यांना आतूनच हाक मारून सगळं सांगितलं, बुडबुडे, गोळी, फुटवॉल. पेपर काही हलला नाही.

मग तिनं बैल पारखावा तशी ती मशीन पारखली, गुण किती आणि खोडी किती. गुण असा, की एकदा भरून बटण दाबलं की उभं राहावं लागत नाही, उतू जात नाही, आणि टाकीतलं पाणी संपलं की ते इस्त्रीचं टक्क आच तोडतं. आठ माणसं आली तरी एका दमात होतं. मोजून पाणी, मोजून पूड घातली की कालची चव आजही येते, ह्याचं तिला फार कौतुक, कारण तिच्या हातचा चहा रोज वेगळा व्हायचा. आणि खोडीही पुष्कळ. आमच्या बोअरचं पाणी खारं, महिन्या-दोन महिन्यांत नळीत पांढरा खार धरतो आणि मशीन दम लागल्यासारखी गुरगुरत बसते, मग लिंबू. पाणी पुडीच्या मधोमध पडतं, कडेची पूड कोरडीच राहते, ती चमच्यानं ढवळावी लागते. खालची प्लेट कॉफी गरम ठेवते खरी, पण थोडा वेळ गेला की कॉफी तिच्यावर आटून कडू जहर होते, म्हणून झाली की लगेच थर्मासात ओतायची. लाईट गेली की सगळंच बंद. पूड बंगळूरहून यायची, कारण वसमतच्या दुकानात मिळते ती विरघळणारी, ती टोपलीत टाकली तर सगळी वाहून खाली. टोपलीत घालायचे कागद तर कुठंच मिळेनात. त्यावर तिनं दादांच्या जुन्या मलमलच्या धोतराचे गोल तुकडे कापून, कडा दुमडून, टाके घालून गाळण्या शिवल्या. चहाही करून बघितला तिनं. पाणी चहापत्तीवरून नुसतं पळून जातं, मुरत नाही, त्यामुळं रंग येतो आणि चव राहते टोपलीत. दादांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि अक्काला म्हणाले, "ह्याला चहा म्हणून नको देत जाऊ कोणाला."

हे सगळं हौसेचं होतं, तोवर ठीक होतं. मग तिचे पाय सुजायला लागले. हृदय थकलंय, असं डॉक्टरनं सांगितलं. आणि त्यानंतर एकदा गावाकडं गेले तर बघते काय, ही मशीन स्वयंपाकघरातून उचलून मधल्या खोलीत, दादांच्या खाटेजवळच्या फळीवर ठेवलेली. मी म्हटलं, आता हे काय नवीन. तेव्हा तिनं मला सांगितलं. दादा पहाटे उठतात, बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलेलं शेत एकदा बघून आल्याशिवाय त्यांना करमत नाही, आणि त्याआधी त्यांना काहीतरी गरम लागतं. ते तिनं लग्न झाल्यापासून दिलं. दादांनी आयुष्यात चूल पेटवली नाही. ती एकदा मीनाकडं गेली होती तेव्हा त्यांनी गॅस लावायचा प्रयत्न केला, तो पेटला नाही आणि बटण तसंच उघडं ठेवून ते शेतावर निघून गेले. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. जेवणाचा डबा भावकीतून येईल, पण पहाटे कोण उठणार, आणि दादा कोणाकडं मागणार नाहीत. "मीना म्हणती बाबांना बंगळूरला नेते," अक्का म्हणाली. "तिचं बी बराबर हाय. ज्याला घोटभर चहा करता येत न्हाई त्याला एकटं कसं ठेवावं? पण हे तिथं जगायचे न्हाईत गं. खिडकीत बसून बसून मरतील." मशीनला आच दिसत नाही, गॅस नाही, उतू जाणं नाही, विसरलं तरी नळीची आच आपोआप तुटते. तिनं सगळा हिशोब करून ठेवला होता.

फक्त दादांनी तो ऐकला नाही. ती शिकवायला लागली की ते उठून बाहेर जायचे. कोरी कॉफी आपण पिणार नाही, बायकांचं काम आपण करणार नाही, आणि मुख्य म्हणजे, तुला काय झालंय एवढं, असं म्हणून विषय संपवायचे. ती तरी रोज पहाटे त्यांच्या खाटेवर बसून मशीन लावायची आणि मोठ्यानं बोलत राहायची, पाणी इथवर भरायचं, पूड दोन चमचे, कड ढवळायची, प्लेटवर ठेवायची न्हाई... मी एकदा वैतागून म्हटलं, भिंतीला सांगून राहिलीस. ती म्हणाली, "ऐकून राहिले ते. मला म्हाईत हाय." मला मुळीच पटलं नाही. शेवटच्या महिन्यात ती बसल्या बसल्या गाळण्या शिवत होती, इतक्या की मला त्यांचा तो ढीग बघवेना.

दिवस-कार्य झालं. मीनानं दादांचं तिकीट काढलं. आम्ही दोघींनी फोनवर ठरवलं तेव्हा मी रडले, पण दुसरा मार्ग मलाही दिसत नव्हता. मीना त्यांना न्यायला यायच्या आदल्या दिवशी त्यांची बॅग भरायला मी गावाकडं गेले आणि मुक्कामाला राहिले. फळीवरची मशीन बघून आठवलं, लिंबू टाकून धुवायचं राहिलंच होतं. मरणाऱ्या माणसाला धुते म्हणून सांगितलं होतं. उद्या धुऊ म्हणून झोपले.

पहाटे जाग आली ती आवाजानं. घळ... घळ... आणि मग ते गुळण्या टाकणं. मला वाटलं अजून झोपेतच आहे. उठून मधल्या खोलीच्या दारात आले. दादा खाटेवर बसलेले, डोक्याला टॉवेल, आणि मशीनकडं बघत होते. आवाज साफ होता, दम लागल्यासारखा नव्हता. फळीच्या कोपऱ्यात पिळलेल्या लिंबांच्या फोडी होत्या. मला दारात बघून ते दचकले नाहीत. काचेचं भांडं उचललं, थर्मासात ओतलं, थर्मासातून कपात, साखर टाकली आणि कप माझ्यापुढं धरला. आजूबाजूला निरोप न्यायला कोणी नव्हतं.

"घ्या, बाई," ते म्हणाले.

पस्तीस-चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मी कप घेतला. कॉफी कडक होती, पण कडू नव्हती. मी आपली म्हणाले, आत मोटार नाही बरं का ह्याच्यात, पाणी आपोआप... त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बुडबुडे ढकलतात. अन् खाली फुटवॉल हाय, हरभऱ्याएवढा."

सगळं ऐकलं होतं. मीठ, वाफ, फुटवॉल, प्लेट, सगळं. त्या पेपराआड बसून, त्या खाटेवरून उठून जाता जाता. आणि मला एकदम राग आला. हा कप अक्काच्या हातात जायला पाहिजे होता. आयुष्यभर ह्या घरात तिनं दुसऱ्यांना गरम दिलं आणि स्वतः निवलेलं प्याली. एकदा, एका पहाटे तरी. भासरा, रीत, सगळं विसरून मी विचारलं, "सगळं येत होतं, मग ती होती तेव्हा एकदा काहून नाही केली, दादा?"

त्यांनी मशीनकडं बघितलं. लाल दिवा अजून चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"करता येतं म्हटल्यावर ती गेली असती," ते म्हणाले. "मला येत न्हाई तोवर ती जायची न्हाई, असं वाटायचं."

मग ते उठले. टोपलीतली गाळणी काढली, पूड उकिरड्यावर टाकायला बाजूला काढली, गाळणी तांब्यातल्या पाण्यात दोनदा खळबळली आणि खिडकीच्या खिळ्याला वाळत घातली. तिथं आधीच एक वाळत होती. मी मीनाला फोन लावला आणि दादांचं तिकीट रद्द कर म्हणाले. दादा तोवर चपला घालून शेताकडं निघाले होते.